हातभर केबल आणि मुठीएवढी वीज

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नईत पावसाने कहर केला. अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, रस्त्यांवर होड्या फिरू लागल्या, विमानतळ बंद ठेवावा लागला. अनेक भागांत वीज गेली ती लवकर आलीच नाही. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेळाचेरी, पळ्ळिकरणै या भागांनी पुन्हा तेच दिवस पाहिले. अशा प्रसंगी मोबाइल बंद पडला की मदत मागण्याचा मार्गच खुंटतो. भिंतीतला प्लग निरुपयोगी ठरतो, पण घरातल्या लॅपटॉपला जोडलेली हातभर केबल मोबाइल चालू ठेवू शकते. संगणकाची केबल तर माहितीची ने-आण करण्यासाठी असते. मग तिच्यातून वीज येते कशी?

चार तारांची किमया

१९९० च्या सुमारास संगणकाच्या पाठीमागे केबलींचे जंजाळ असे. माउस, कीबोर्ड, प्रिंटर, प्रत्येकाची खाच वेगळी. या सर्वांसाठी एकच खाच हवी, या ध्यासातून १९९६ मध्ये 'यूएसबी' आली. इंटेल कंपनीत या कामाचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी!

जुन्या पद्धतीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. हिरवी आणि पांढरी माहितीसाठी, तर लाल आणि काळी विजेसाठी. लाल तारेत ५ व्होल्टचा दाब असतो. माउससारख्या छोट्या उपकरणाला स्वतंत्र चार्जर लागू नये, म्हणून ही सोय केलेली. प्लगमधील विजेच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा किंचित लांब असतात. त्यामुळे जोडताना वीज आधी पोहोचते आणि काढताना शेवटी तुटते.

आधी विचारा, मग घ्या

पहिल्या नियमानुसार जोडलेल्या उपकरणाला सुरुवातीला फक्त ०.१ अँपिअर वीज मिळे. जास्त हवी असल्यास संगणकाकडे मागायची, आणि तीही ०.५ अँपिअरपर्यंतच. म्हणजे जेमतेम अडीच वॅट. घरातला साधा एलईडी दिवाही ९ वॅटचा असतो! २००८ च्या सुधारणेत ही मर्यादा साडेचार वॅटवर गेली. २०१४ मध्ये उलटसुलट कसाही बसणारा 'टाइप-सी' प्लग आला, आणि २०२१ च्या नियमांनी त्यातून ४८ व्होल्टवर २४० वॅटपर्यंत वीज नेण्याची मुभा दिली.

मग लॅपटॉपचा मोठा चार्जर लावल्यास मोबाइल जळेल का? चांगल्या प्रतीच्या चार्जरबाबत ही भीती नको. तो सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि उपकरणाने मागितल्याशिवाय दाब वाढवत नाही.

बारीक केबल, सावकाश चार्जिंग

स्वस्त केबलमध्ये तांबे कमी असते. अशा एक मीटरच्या बारीक केबलमध्ये जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा मिळून सुमारे ०.४ ओहम रोध भरतो. त्यातून २ अँपिअर वीज खेचली, तर पाचांपैकी जवळजवळ ०.८ व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात. मोबाइल हळू भरतो, केबल कोमट लागते. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्यावी. हाताला चटका बसण्याइतकी तापणारी किंवा सोलवटलेली केबल टाकून द्यावी.

वीज गेल्यावर

लॅपटॉपच्या बॅटरीत ४५ वॅट-तास आणि मोबाइलच्या बॅटरीत १५ वॅट-तास वीज मावते असे धरू. भागाकार तीन येतो, पण काही वीज वाटेत वाया जाते. शिवाय लॅपटॉप चालू असेल तर तो स्वतःही वीज खातो. तेव्हा दोन मोबाइल पूर्ण भरतील, एवढाच हिशेब धरावा. काही लॅपटॉपच्या एका खाचेजवळ बॅटरीचे किंवा विजेचे चिन्ह असते. ती खाच लॅपटॉप बंद असतानाही वीज देते. तशी खाच नसेल, तर लॅपटॉप चालू ठेवून पडद्याचा उजेड कमी करावा.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. भिजलेला मोबाइल पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नये. आणि सार्वजनिक ठिकाणच्या अनोळखी खाचेत केबल जोडू नये, कारण तीत विजेबरोबर माहितीच्या ताराही असतात. अशा ठिकाणी आपला चार्जर भिंतीच्या प्लगमध्ये लावणे उत्तम.

हाच विचार घरभर

थोडक्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर पुष्कळ कामे होतात, हे चेन्नईच्या आयआयटी मद्रासने मोठ्या प्रमाणावर दाखवले. प्रा. अशोक झुनझुनवाला आणि सहकाऱ्यांनी घरासाठी ४८ व्होल्टची वायरिंग तयार केली. छतावरच्या सौर पट्ट्या आणि बॅटरी यांच्या आधारे तिच्यावर दिवे, पंखा आणि मोबाइलचे चार्जिंग चालते. राजस्थानच्या वाळवंटातील दूरदूरच्या घरांत हे दिवे लागले. वादळात तारा तुटल्या, तरी अशा घरात अंधार होत नाही आणि मोबाइलही बंद पडत नाही.