गेम अडकतोय? आधी ग्राफिक्स कमी करून बघा



परवा शाळा सुटल्यावर एक पालक थांबले. "सर, थोरलं पोरगं म्हणतंय मोबाईलवर गेम अडकतोय, नवीन घ्या. हप्त्यानं घेऊ का?" मी म्हटलं, "थांबा, आधी सेटिंग बघू."

लहानपणी आपण वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं भराभर उलटायचो, माणूस पळताना दिसायचा. गेमचंही तसंच आहे. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी मोबाईलला साधारण 17 मिलिसेकंद मिळतात. 30 दाखवायची तर 33.

आता चित्रातलं काम बघा. 1280 गुणिले 720 ठिपक्यांचं चित्र म्हणजे सुमारे 9 लाख 22 हजार ठिपके. 1920 गुणिले 1080 केलं की सुमारे 20 लाख 74 हजार, म्हणजे सव्वादोन पट! त्यात सावल्या, गवत, पाण्याची चमक. साध्या मोबाईलला हे वेळेत जमत नाही. तो तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग बोट आत्ता दाबलं तरी गेममधला माणूस उशिरा उडी मारतो. चित्र सुंदर, पण खेळ बिघडला.

दुसरी अडचण नजरेची. चैत्री पौर्णिमेला आपल्या येडेश्वरीच्या यात्रेत हात सुटलेलं लेकरू शोधायचं म्हटलं तर किती जड जातं! पडद्यावरही तसंच. पहिलीच्या वर्गात मी एक अंकांचा खेळ लावला होता. त्यात फुलपाखरं उडत होती, ढग हलत होते. मुलं फुलपाखरांनाच बोट लावत बसली, 7 कुणाला दिसलाच नाही!

मग बारकावे वाईटच का? तसं नाही. उडी मारलेल्या पात्राची जमिनीवर पडणारी सावली तो कुठं उतरणार ते सांगते. असा बारकावा खेळायला मदत करतो. नुसती सजावट मात्र मोबाईलचं काम वाढवते.

1984 चा टेट्रिस नुसत्या चौकोनांचा. 1997 च्या नोकिया 6110 वरचा साप म्हणजे काळे ठिपके. माइनक्राफ्ट तर ठोकळ्यांचाच, तरी जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या गेमपैकी एक. बीजीएमआयमध्येही चित्राचा दर्जा आणि चित्रांचा वेग यांची सेटिंग वेगवेगळी आहे. मोबाईल चांगला असूनही बरेच खेळाडू दर्जा 'स्मूथ' ठेवून वेग वाढवतात.

वर्गासाठी किंवा घरी लेकरांसाठी शैक्षणिक गेम निवडताना एवढं तपासा:

1. बोट लावल्याबरोबर उत्तर मिळतं का?
2. जे शिकवायचं तेच पडद्यावर सर्वांत ठळक आहे का?
3. घरातल्या साध्या मोबाईलवर तो न अडकता चालतो का?

त्या पालकांच्या मोबाईलमध्ये आम्ही ग्राफिक्स कमी केलं, सावल्या बंद केल्या. गेम बऱ्यापैकी चालू लागला आणि हप्ता वाचला. जाताना मी एवढंच म्हटलं, "आता गेम अडकत नाही, म्हणून खेळायची वेळ तुम्हीच ठरवून द्या."