सांख्यिकीय आलेखांची निवड व मांडणी

सरासरी, प्रचरण व सहसंबंध गुणांक काढला की माहितीचे विश्लेषण पूर्ण झाले, असा समज महाविद्यालयीन स्तरावर आढळतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली चार लहान उदाहरणांच्या साहाय्याने तो खोडून काढला. त्यांच्या प्रत्येक संचात ११ जोड्या आहेत. क्ष ची सरासरी ९, य ची सुमारे ७.५ व सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ असे चारही संचांत सारखेच येते. मात्र आलेख काढताच पहिल्यात साधारण सरळ कल, दुसऱ्यात वक्र आणि तिसऱ्यात सरळ रेषेपासून दूर पडलेला एकच बिंदू दिसतो. चौथ्यात एक बिंदू वगळला तर सहसंबंध काढताच येत नाही. 'आर' या मुक्त संगणकप्रणालीत हे संच अंतर्भूत असल्याने वर्गात सहज दाखविता येतात.

आलेखाची निवड प्रश्नावरून ठरते. गटांच्या तुलनेसाठी स्तंभालेख, कालानुसार बदलासाठी रेषालेख, दोन चलांतील संबंधासाठी बिंदू-आलेख आणि गुणांच्या वितरणासाठी आयतालेख उपयुक्त होय. वृत्तालेख लोकप्रिय आहे. परंतु क्लीव्हलंड व मॅकगिल यांच्या १९८४ मधील प्रयोगांनुसार कोनापेक्षा समान मापरेषेवरील स्थान डोळ्यांना अधिक अचूक ओळखता येते.

मांडणीही तितकीच महत्त्वाची आहे. समजा, दोन तुकड्यांचे निकाल ७६ व ८० टक्के आहेत. स्तंभालेखाचा उभा अक्ष ७५ पासून सुरू केल्यास दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाचपट उंच दिसेल आणि पहिल्या तुकडीच्या शिक्षकावर अकारण ठपका येईल. म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच असावा. आयतालेखात वर्गांतर सांगितले नाही तर 'आर' ते स्वतः ठरविते. ते बदलून पाहावे. काही विद्यार्थी ३५ गुणांच्या, तर काही ७० च्या आसपास असलेली तुकडी फार रुंद वर्गांतरात एकसंध भासते व मदतीची गरज असलेला गट नजरेआड होतो. तांबडा-हिरवा भेद काहींना ओळखता येत नाही. तेथे निळा-नारिंगी ही जोडी बरी. छपाई काळी-पांढरी असल्यास तुटक व सलग रेषा वापराव्यात.

निकालाच्या अहवालात केवळ सरासरी न देता गुणवितरणाचा आयतालेखही जोडल्यास कोणत्या विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे, हे शिक्षकास वेळीच कळेल.