खुराड्यातल्या गोचिडी : सहा महिने उपाशी राहूनही जिवंत

निवृत्तीनंतर हौस म्हणून मी अंगणात आठ गावरान कोंबड्या पाळल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतल्या तीन एकापाठोपाठ गेल्या. आधी मलूल व्हायच्या, तुरा फिका पडायचा, हिरवट हगवण लागायची. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "साहेब, रात्री बॅटरी घेऊन खुराडं बघा." बघितलं, तर दिवसा स्वच्छ दिसणाऱ्या फळ्यांच्या फटींतून चपट्या गोचिडी ओळीनं बाहेर येत होत्या.

उरलेल्या कोंबड्या भावाकडे पाठवल्या, एकदा औषध फवारलं आणि खुराडं सहा महिने रिकामं ठेवलं. फवाऱ्यातून वाचल्या असतील त्याही उपाशी मेल्या असतील, असा माझा हिशोब. नव्या कोंबड्या आणल्या आणि पंधरा दिवसांत गोचिडी पुन्हा हजर! हिशोब कुठे चुकला, ते शोधताना जे कळलं ते आपल्या मंडळींसाठी लिहितो आहे.

कोंबड्यांवरच्या या गोचिडीचं शास्त्रीय नाव आर्गस पर्सिकस. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली साधारण आठवडाभर चिकटून राहतं. त्यानंतर मात्र ती कोंबडीवर मुक्काम करत नाही. दिवसा फटीत, रात्री कोंबडीवर. तास-दोन तासांत पोट भरलं की परत फटीत. मोठी मादी दर वेळी रक्त पिऊन थोडी थोडी अंडी घालते आणि पुन्हा पुढच्या जेवणाची वाट बघते. भक्ष्य मिळालं नाही तर ती दोन वर्षांहून अधिक काळही तग धरते. माझे सहा महिने तिच्या लेखी काहीच नव्हते. शिवाय ही गोचीड कोंबड्यांमध्ये स्पायरोकीट जंतूंचा रोगही पसरवते.

सगळ्या गोचिडी अशा जगत नाहीत. सह्याद्रीच्या जंगलातली हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा बघा. तिची पिल्लं जमिनीवर वावरणारे पक्षी, उंदीर, माकडं यांच्यावर पोसतात, मोठ्या गोचिडी गुराढोरांवर. जन्मभरात जेवणं तीनच, पण प्रत्येक जेवण कित्येक दिवस चालतं. शेवटी मादी एकदाच हजारोंनी अंडी घालते आणि मरते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही एकरकमी ठेव आणि खुराड्यातली ती आवर्ती ठेव. कारण उघड आहे. कोंबडी रोज रात्री त्याच जागी परत येते, म्हणून थोडं थोडं घेणं परवडतं. जंगलात जनावर पुन्हा भेटेल याची खात्री नाही, म्हणून मिळालं तेव्हा पोटभर पिऊन घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून दोघींच्या या रीती घडल्या.

ही जंगलातली गोचीडच माकडताप पसरवते. हा आजार 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ माकडं मरू लागली तेव्हा उघडकीस आला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं त्याचा विषाणू शोधला. अलीकडे सिंधुदुर्ग आणि गोव्यातही त्याचे रुग्ण आढळले. हा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. म्हणून स्थलांतर करणारे पक्षी गोचिडींसोबत तो आणत असतील का, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं मुंबईच्या बीएनएचएसनं सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांचा अभ्यास केला. त्या शंकेला पुरावा मिळाला नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराची मोठी माहिती हाती आली.

आता माझ्या चुकीचं मूळ. एकाच खुराड्यातल्या, एकाच जातीच्या गोचिडीही एकसारख्या नसतात. कुणी दोनदा कात टाकून मोठी होते, कुणाला तीन-चार वेळा टाकावी लागते. कुणी भरपूर पिऊन जास्त अंडी घालते, कुणी कमी. कुणी लवकर मरते, कुणी उपवास सोसते. यातला काही फरक मिळालेल्या खाण्यामुळे पडतो, काही आईबापांकडून येतो. आईबापांकडून आलेला फरकच पुढच्या पिढीत उतरतो आणि निवड त्याच्यावर चालते. एका फवाऱ्यात बाहेर असलेल्या मेल्या; फटीत खोल बसलेल्या, अंड्यातल्या आणि औषध सोसणाऱ्या वाचल्या. पुढची पिढी त्यांचीच. एकच औषध वारंवार वापरल्यानं गुरांवरच्या गोचिडी त्याला दाद देईनाशा झाल्या आहेत, त्यामागंही हेच कारण आहे.

म्हणून ज्यांच्या घरी खुराडं आहे त्यांना माझं सांगणं : एका फवाऱ्यावर विसंबू नका. फटी बुजवा, चुना मारा, जुन्या फळ्या बदला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितल्या प्रमाणात, कोंबड्या बाहेर काढून, ठरावीक दिवसांनी पुन्हा मारा. नवी कोंबडी आणली की आधी तिच्या पंखाखाली बघा. आणि महिन्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन फटी तपासा.

मी आता तसंच करतो. या उन्हाळ्यात एकही कोंबडी गेली नाही. पण रिकामं खुराडं म्हणजे मोकळं खुराडं, हा हिशोब मी पुन्हा कधी मांडणार नाही.