फुलांच्या दिवसांत डोंगर चढताना

ऑगस्ट संपत आला की सह्याद्रीचे उतार सोनकीने पिवळे होतात. ओढ्याकाठी गुलाबी तेरडा फुलतो, आणि ज्या वर्षी कारवीची पाळी असते त्या वर्षी सगळी डोंगरकूस निळी-जांभळी दिसते. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. या दिवसांत कार्यालयांतले सहकारी, महाविद्यालयीन मुले, महिला मंडळे रविवारी गाडी ठरवून डोंगरावर निघतात. ही चांगली गोष्ट आहे. एरवी खुर्चीत, यंत्रासमोर किंवा ओट्यापाशी अडकलेल्या शरीराला मोकळी हवा आणि चाल दोन्ही मिळतात.

परंतु डोंगर म्हणजे बाग नव्हे. उदाहरण म्हणून कळसूबाई घेऊ. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारी गावातून चढायला सुरुवात केली तर आठशे मीटरहून अधिक उभा चढ आहे, आणि अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवख्या माणसाला वर जायला तीन ते चार तास आणि उतरायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. एरवी बसथांब्यापर्यंतच चालणाऱ्या शरीरावर एका दिवसात एवढे श्रम पडतात. म्हणून या अंकात आपण डोंगराच्या वाटेवर शरीरात काय घडते आणि काय जपावे, ते पाहू.

हळू चालणे हीच खरी चाल

फुले पाहायची तर हळूच चालावे लागते, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. चढताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदयाचे ठोके वाढतात. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची साधी खूण अशी : चालता चालता शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग ठीक. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग कमी करावा. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा. तरुण मुले पुढे पळतात आणि मागे राहिलेली मावशी त्यांना गाठण्यासाठी धापा टाकत चालते, हे धोक्याचे आहे. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुढे चालू नये.

तयारी तीन-चार आठवडे आधी सुरू करावी. रोज अर्धा तास भरभर चालावे आणि घरचे किंवा कार्यालयाचे जिने चढावे-उतरावे. उतरण्याचा सरावही तितकाच महत्त्वाचा. चढताना दम लागतो, पण गुडघ्या-मांड्यांना त्रास होतो तो उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो, त्यामुळे त्यात सूक्ष्म इजा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय जास्त दुखतात. लहान पावले टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, हातात काठी घ्यावी. शिडी उतरताना तोंड शिडीकडे असावे. महागडे बूट लागत नाहीत, पण तळाला खाचा असलेले आणि आधी वापरून पायाला बसलेले बूट हवेतच. गुळगुळीत झालेली चप्पल ओल्या कातळावर घात करते.

पाणी, मीठ आणि एक अडचण

सप्टेंबरात ढग हटले की ऊन चांगलेच लागते आणि दमट हवेत घाम सुकत नाही. दर तासाला साधारण अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला माणशी तीन लिटर पाणी धरावे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट प्यावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळावे, अर्धे पाकीट अंदाजाने बाटलीत टाकू नये. खाण्यासाठी भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी पुरेशी आहेत. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नये.

आमच्या भगिनींना इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. वाटेत शौचालय नसते म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, डोकेदुखी, लघवीची जळजळ सुरू होते. पाणी कमी करणे हा उपाय नव्हे. पायथ्याच्या गावात आधी विचारून सोय पाहावी, वाटेवर दोघी-तिघींनी मिळून आडोसा धरावा, आणि गटातील पुरुषांनी न सांगता पुढे जाऊन थांबावे. हा संकोचाचा नाही, आरोग्याचा प्रश्न आहे.

सिकलसेल : चढण्याआधी तपासणी

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. महाराष्ट्रात तो विशेषतः विदर्भात आणि नंदुरबार भागात, आदिवासी तसेच अनुसूचित जातींच्या कुटुंबांत आढळतो. आपल्या समाजातही तो आहे. दोष आई-वडील दोघांकडून आला तर व्यक्ती रुग्ण असते, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला रोजच्या आयुष्यात काहीच त्रास नसतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकच नसते.

डोंगरावर मात्र ते ठाऊक असावे लागते. अंगातले पाणी कमी झाले आणि न थांबता अतिश्रम झाले, तर क्वचित वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. साधा पेटका आणि हा त्रास यांतला फरक लक्षात ठेवावा. पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. या त्रासात तो हाताला मऊच लागतो, पण दुखतो आणि पायातले बळ जाते. अशा माणसाला ‘चल, थोडेच राहिले’ म्हणू नये. सावलीत निजवावे, शुद्धीवर असेल तर पाणी द्यावे, चालवत न नेता उचलून खाली आणावे आणि रुग्णालयात ‘सिकलसेल वाहक आहे’ हे आधी सांगावे. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर तीही तातडीची खूण समजावी.

वाहकांनी डोंगर सोडण्याचे कारण नाही. हळू चालावे, वारंवार थांबावे, पाणी भरपूर प्यावे, शर्यत लावू नये, आणि ताप किंवा जुलाब असताना जाऊ नये. रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा चढ चढू नये. फुले सपाटीच्या वाटेवरही भेटतात. रक्ताची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. सहलीची वर्गणी गोळा करताना ही आठवणही करून द्यावी.

मधुमेहींनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन जास्त चालले की साखर एकदम उतरू शकते. दम्याच्या रुग्णांनी पंप पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नव्हे, खिशात ठेवावा. सोनकी-तेरड्याला घाबरू नये. रंगीत फुलांचे पराग कीटक वाहून नेतात, ते हवेत फारसे उडत नाहीत. त्रास होतो तो बहुधा त्याच वेळी फुलणाऱ्या गवताच्या परागांचा.

गवत, साप आणि माश्या

लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फूल असलेली कळलावी दिसायला सुंदर, पण तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी आहेत. ओळख नसलेले फूल, फळ, कंद तोंडात घालू नये आणि मुलांनाही घालू देऊ नये.

फुलांच्या फोटोसाठी गवतात लोळू नये. झुडपांत आणि गवतात असणाऱ्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी येताच साबणाने आंघोळ करून कपडे धुवावेत. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतातून चाललो होतो’ असे आवर्जून सांगावे आणि अंगावर कुठे काळी खपली आहे का, तेही पाहावे. वेळेवर ओळखला तर हा ताप औषधाने बरा होतो.

साप चावला तर जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे, यांत जीव जातो. विषावर उपाय एकच, प्रतिसर्पविष, आणि ते रुग्णालयात मिळते. चावलेला अवयव स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात फोन लागेलच असे नाही, म्हणून जवळचे सरकारी रुग्णालय कोणते हे गावातच विचारून ठेवावे.

आग्यामोहोळ दिसले तर गोंगाट, धूर आणि अत्तर टाळावे. माश्या उठल्याच तर हात न झाडता चेहरा झाकून दूर पळावे.

परतीची वेळ ठरलेली असावी

पावसाळा सरताना दुपारनंतर ढग जमतात आणि विजा होतात. उघडे शिखर आणि लोखंडी शिड्या ही त्या वेळी सर्वांत वाईट जागा. म्हणून उजाडताच चढायला लागावे आणि गावातच ठरवावे की बारा वाजता, जिथे असू तिथून, मागे फिरायचे. शिखर अर्ध्या तासावर असले तरीही. गडगडाट ऐकू आला तर शिखर, शिड्या-कठडे आणि एकटे झाड यांपासून दूर व्हावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत शिडीला हात लावू नये.

मागे फिरण्यात कमीपणा नाही. सोनकी शिखरावरच फुलते असे नाही, ती खालच्या उतारांवरही असते. वाट दाखवायला गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याच्या मेहनतीचे पैसे बिनघासाघीस द्यावेत. फुले तोडू नयेत, वाट सोडून ती तुडवू नयेत. आणि निघताना जितके होतो तितकेच खाली आलो आहोत ना, हे गाडी सुटण्यापूर्वी मोजावे.