पहिला परदेश प्रवास : लुंबिनीला जाताना लक्षात ठेवायच्या गोष्टी



परदेश म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर अमेरिका नाहीतर दुबई येते. पण आपल्या कामठी-नागपूर भागातल्या कितीतरी कुटुंबांचा पहिला परदेश म्हणजे नेपाळ. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत मंडळी लुंबिनीला जातात. कधी रेल्वेने गोरखपूरपर्यंत, तर कधी वस्तीतले पन्नास जण मिळून ठरवलेल्या बसने. व्हिसा लागत नाही म्हणून हा प्रवास परदेशाचा वाटतच नाही, आणि गडबड होते ती नेमकी इथेच. सीमा ओलांडली की कागद, पैसा, फोन आणि घड्याळ, चारही गोष्टी बदलतात. आजीआजोबांची आयुष्यभराची इच्छा एका कागदासाठी सीमेवर अडकू नये, म्हणून हा लेख. वर्गात "परदेश प्रवासाची तयारी" असा पाठ घ्यायचा असेल तरी उपयोगी पडेल.

१) कागदपत्रे : आधार सगळ्यांना चालत नाही

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण ओळखीचा पुरावा लागतोच. नियम वयाप्रमाणे असे आहेत :

- प्रौढ व्यक्ती : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार कार्ड पुरेसे नाही.
- १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ : वय आणि ओळख दाखवणारे फोटोचे कागदपत्र चालते. यांना आधार कार्डही चालते.
- १५ ते १८ वर्षांची मुले : शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र.

तिसरा मुद्दा आपल्या शिक्षकांसाठी महत्त्वाचा आहे. नववी ते बारावीच्या मुलांकडे मतदार कार्ड नसते आणि पासपोर्टही बहुतेकांकडे नसतो. अशा वेळी शाळेचा कागदच त्यांचा आधार असतो. पालकांनी तो सुट्टी लागण्याआधीच मागावा. मे महिन्यात शाळेला कुलूप असताना धावपळ करून काही होत नाही.

कुटुंब एकत्र जात असेल तर आणखी एक सवलत आहे. एका प्रौढाकडे मान्य कागद असला, तर बाकीच्यांचे फोटो असलेले ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालू शकतो. तरी माझं सांगणं एवढंच की सवलतीच्या भरवशावर निघू नका. प्रत्येकाचा मूळ कागद आणि दोन झेरॉक्स घ्या, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा. निघण्याआधी सध्याचा नियम एकदा तपासून घ्या. विमानाने जाणार असाल तर जास्तच काटेकोर राहा, कारण तिथे कागद पूर्ण नसेल तर विमानात बसूच देत नाहीत.

२) पैसे : आयसी की एनसी?

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. तिथला दुकानदार विचारतो, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. हा प्रश्न कळला नाही तर ८०० नेपाळी रुपयांच्या शालीचे ८०० भारतीय रुपये देऊन मोकळे व्हाल! तिची खरी किंमत आपल्या ५०० रुपयांएवढी.

सोपी युक्ती अशी की नेपाळी रकमेला ८ ने भागा आणि ५ ने गुणा. ४८० भागिले ८ म्हणजे ६०, गुणिले ५ म्हणजे ३००. पाचवीच्या मुलांना हे गणित तोंडी करायला द्या, आवडीने करतात.

मोठ्या भारतीय नोटांबद्दल नेपाळचे नियम बदलत आले आहेत. २०१८ मध्ये तिथे १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी आली होती. म्हणून सध्याचा नियम विचारून घ्या आणि १०० च्या नोटा जवळ ठेवा. २०२४ पासून काही दुकानांत आपल्या यूपीआयने क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. पण त्यासाठी इंटरनेट लागतं, म्हणून रोख हवीच.

३) फोन : सीमा ओलांडली की गप्प

आपलं सिम तिकडे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्याशिवाय चालत नाही. रोमिंग इकडेच सुरू करून घ्या, नाहीतर ओळखपत्र आणि फोटो देऊन तिथलं सिम घ्या. शंभर माणसांच्या गर्दीत फोन बंद पडतो तेव्हा खरी भीती लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांची असते. म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी. त्यावर नाव, मुक्कामाची जागा, बसचा नंबर आणि गटातल्या दोघांचे फोन नंबर लिहा. चुकलं तर कुठे थांबायचं, ती जागाही आधीच ठरवा.

नेपाळमधले दोन नंबर पाठ असू द्या : पोलीस १०० आणि रुग्णवाहिका १०२.

४) घड्याळ आणि कॅलेंडर

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. कामठीत ९ वाजले की तिथे सव्वानऊ. "सहा वाजता बस सुटेल" असं कोणी सांगितलं तर कोणाचे सहा, हे विचारा. तिथे विक्रम संवत चालते, म्हणून पावतीवरचं वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ ने जास्त दिसेल. घाबरू नका, नेपाळी नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यात लागतं. सरकारी कार्यालयांची साप्ताहिक सुट्टी मात्र शनिवारी असते.

५) पाट्या वाचता येतात, अर्थ मात्र विचारा

नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. आपली दुसरीतली पोरंही पाट्या धडाधड वाचतात! काही शब्द आधीच शिकवून ठेवा :

- अध्यागमन : इमिग्रेशन
- भन्सार : कस्टम (भारतीय गाडी आत नेताना इथेच परवाना काढावा लागतो)
- प्रहरी : पोलीस
- पसल : दुकान; औषधि पसल म्हणजे मेडिकल
- बाटो : रस्ता (आपली "वाट" आठवा)
- खाजा : नाश्ता
- दाइ, दिदी : मोठा भाऊ, मोठी बहीण

"यो कति हो?" एवढं आलं तरी बाजार होतो. अनोळखी माणसाला दाइ किंवा दिदी म्हटलं की तो हसून मदत करतो.

६) लुंबिनीत वागताना

सोनौलीची सीमा ओलांडून भैरहवामार्गे लुंबिनी साधारण २५-३० किलोमीटर आहे. मायादेवी मंदिरात चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात आणि आत फोटो काढता येत नाही. लोक ध्यानाला बसलेले असतात, म्हणून मुलांना आधीच समजावून न्या. बाहेरचा अशोकस्तंभ नक्की दाखवा. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी इथे आला आणि त्याने या गावाचा कर कमी केला, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. इतिहासाच्या पुस्तकातला अशोक मुलांना तिथे प्रत्यक्ष भेटतो. १९९७ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे.

परिसर खूप लांबलचक आहे. वेगवेगळ्या देशांचे विहार पायी बघता बघता ज्येष्ठ मंडळी थकतात, त्यांच्यासाठी ई-रिक्शा करा. बुद्ध पौर्णिमेला कडक ऊन असतं, तर डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह दोन दिवस जास्तीच्या घ्या, आणि पाणी बाटलीबंदच प्या.

७) वर्गात काय घेता येईल?

- नाट्यीकरण : एक मुलगा अध्यागमन अधिकारी, बाकीचे प्रवासी. कोणाचा कागद चालेल, कोणाचा नाही?
- गणित : नेपाळी रुपयांचे भारतीय रुपये करणे.
- लेखन : खिशातली चिठ्ठी तयार करणे.
- चर्चा : आपल्या कामठीत ड्रॅगन पॅलेस बघायला परदेशी पाहुणे येतात. त्यांनी आपल्या गावात कसं वागावं असं आपल्याला वाटतं?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. मुलं पटापट सांगतात : कचरा करू नये, विचारून फोटो काढावा, हळू बोलावं. ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि मग म्हणा, "आता हीच यादी आपण परदेशात जाताना सोबत न्यायची."

तुमच्या शाळेतून किंवा वस्तीतून यंदा कोणी लुंबिनीला निघत असेल, तर पहिला मुद्दा त्यांना आजच वाचून दाखवा. बाकीची तयारी आठ दिवसांत होते, कागदाची होत नाही.