बांधकामांतील सहकार्याचें शिक्षण

इस्लामपूरनजीक साखराळें येथें १९८३ सालीं राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली आणि अभियांत्रिकीचें शिक्षण वाळवें तालुक्याच्या दाराशीं आलें. परंतु इमारत एकटा अभियंता उभारीत नाहीं. गवंडी, सुतार, सळई बांधणारे, नळ व वीज यांचे कारागीर असे अनेक हात तिला लागतात. प्रत्येकजण आपल्या कामांत निष्णात असूनही घात होतो. काँक्रीट घट्ट झाल्यावर नळकारागीर येतो, तुळई फोडतो. आंतली ताण सोसणारी सळई तुटते वा उघडी पडून गंजते, आणि तुळईचें बळ जातें. दोष एकट्या त्याचा नव्हे. सर्वांनीं नकाशा एकत्र वाचलाच नव्हता. म्हणून शिक्षणांत गणिताइतकीच ही संवय मोलाची: स्लॅब ओतण्यापूर्वीं सर्वांस बोलवावें, नळांच्या जागा नकाशावर ठरवाव्या आणि गवंड्याची शंका आधीं ऐकावी. घटकाभराची ही बैठक घराचें आयुष्य वाढविते.