बिल्ट-इन ओव्हनची सफाई, आणि पावसाळ्यानंतर मेन का पडतो

आजचा विषय आहे किचनमधला बिल्ट-इन ओव्हन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं बोलले तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त क्रम जरा नीट लावलाय.

आमच्या पुण्यात नव्या सोसायट्यांमध्ये मॉड्युलर किचन केलं की हा ओव्हन हमखास येतो. मग पहिले दोन महिने केक, पिझ्झा, नानकटाई. आणि त्यानंतर? त्यानंतर तो कढया आणि तवे ठेवायचं कपाट होतो. हसू नका, मी कितीतरी घरांत पाहिलंय. वर्षातून चार-पाच वेळा वापरला जाणारा ओव्हन जास्त जपावा लागतो, हेच मला आज सांगायचंय. पहिल्या अर्ध्या भागात सफाई, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात विजेचा मामला. घाईत असाल तर दुसरा भाग आधी वाचा, कारण खरा धोका तिथे आहे.

तो काळा थर नक्की काय असतो?

ओट्यावरचा ओटीजी आपण उचलतो, प्लग काढतो, उलटा करून चुरा झाडतो. बिल्ट-इनचं तसं होत नाही. तो फर्निचरमध्ये बसवलेला, त्याची पाठ आणि दोन्ही बाजू आपल्याला दिसतच नाहीत. म्हणून चिकटा साचतो आणि लक्षात येत नाही.

तेल किंवा तूप उडून भिंतीवर बसतं आणि पुन्हा पुन्हा तापतं, तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक कडक, प्लास्टिकसारखा थर तयार होतो. बिडाचा तवा वापरून वापरून काळाभोर आणि गुळगुळीत होतो ना, तीच ही क्रिया. तव्यावर आपल्याला ती हवी असते, ओव्हनमध्ये नको असते. हा थर पाण्याने निघत नाही, आणि नुसता जोर लावूनही निघत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. ताजं तेल मात्र गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने पाच मिनिटांत जातं. त्यामुळे पनीर टिक्का किंवा तंदुरी चिकन झालं की ओव्हन कोमट असताना एकदा आतून पुसून घ्या. एवढं केलं तरी पुढचा अर्धा त्रास वाचतो.

आणि हे नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही बरं का. तळाशी साचलेलं तेल म्हणजे जळण आहे. २०० अंशांच्या वर ओव्हन गेला की ते धुरायला लागतं, आणि फारच साचलं असेल तर पेटूही शकतं.

हात लावण्याआधी

बिल्ट-इन ओव्हनचा प्लग बहुतेक वेळा कपाटाच्या मागे किंवा शेजारच्या ट्रॉलीच्या आत असतो. म्हणून नीट सफाई करायची असेल तर मेन बोर्डावरचा ओव्हनचा एमसीबी खाली करा. ओव्हनवरचं घड्याळ विझलं म्हणजे वीज बंद झाली. कोणता एमसीबी कशाचा हे बोर्डावर लिहिलेलं नसेल, तर आज मार्कर घेऊन लिहून टाका. अडचणीच्या वेळी शोधत बसायला नको.

ओव्हन पूर्ण थंड हवा. गरम काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकू शकते.

सफाई: रात्रभराची

१. जाळ्या, ट्रे, बाजूच्या पट्ट्या बाहेर काढा. बादलीत किंवा बाथरूमच्या टबात कडक पाणी आणि लिक्विड घालून बुडवून ठेवा.

२. मऊ ब्रशने किंवा सुक्या फडक्याने आतला चुरा काढा. झुरळं आणि उंदीर या चुऱ्यासाठीच येतात, आणि उंदीर आला की मागची वायर कुरतडायला त्याला वेळ लागत नाही.

३. अर्धी वाटी खाण्याचा सोडा, दोन-तीन चमचे पाणी आणि लिक्विडचे चार थेंब. इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट पेस्ट झाली पाहिजे. ती तळाला आणि भिंतींना लावा. कॉइलला, पंख्याच्या जाळीला आणि दरवाजाच्या रबराला लावायची नाही.

४. रात्रभर दार किंचित उघडं ठेवून सोडून द्या.

५. सकाळी ओल्या फडक्याने पुसा. जुन्या सुती बनियनचं फडकं सगळ्यात छान. जिथे थर अजून चिकटलेला आहे तिथे पुन्हा पेस्ट लावा, पुन्हा थांबा. शेवटी दोन-तीन वेळा स्वच्छ ओल्या फडक्याने सोडा पूर्ण काढा, नाहीतर पुढच्या वेळी तापवल्यावर पांढरे डाग उठतात.

६. सगळं सुकल्यावरच एमसीबी वर करा. घड्याळ लुकलुकायला लागेल. बऱ्याच मॉडेलमध्ये वेळ लावल्याशिवाय ओव्हन तापतच नाही, त्यामुळे "साफ केला आणि बिघडला" असं म्हणण्याआधी वेळ लावून बघा.

आता व्हिनेगरबद्दल. व्हिडिओंमध्ये सोड्यावर व्हिनेगर ओततात, फसफस होते, बघायला मजा येते. पण सोडा अल्क आणि व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. फेसामुळे सुटा कचरा थोडा वर येतो, एवढाच फायदा. व्हिनेगर वापरायचंच असेल तर शेवटी, सोड्याचा पांढरेपणा घालवायला, फडक्यावर थोडंसं घेऊन.

हे करू नका

तारेची घासणी आणि चाकू-सुरी दूर ठेवा. आतली भिंत म्हणजे स्टीलवर वितळवून बसवलेली काच असते, तिला इनॅमल म्हणतात. तिच्यावर चरे पडले की तिथून गंज धरतो. दरवाजाची काच टफन्ड असते. तिच्यावरचा ओरखडा आज काही करत नाही, पण पुढे कधीतरी तापल्यावर ती एकदम फुटण्याचं कारण ठरू शकतो.

टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड अजिबात नको. त्याने इनॅमल खराब होतं. आणि तेच ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद किचनमध्ये हा खेळ जिवावर बेतू शकतो.

बाजारात मिळणाऱ्या कडक ओव्हन क्लीनरमध्ये बरेचदा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा अक्षरशः साबण करतो, म्हणून काम झटपट होतं. पण तो कातडीलाही सोडत नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. ॲल्युमिनियमच्या ट्रेवर किंवा कॉइलवर तो कधीच मारायचा नाही.

तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरणं बंद करा. तेल सांडू नये म्हणून लोक करतात, पण तिच्याखाली उष्णता कोंडते आणि इनॅमलचा रंग उडतो, कधी फॉइल चिकटूनही बसते. त्यापेक्षा खालच्या खणात एक रिकामा ट्रे ठेवा.

तुमच्या ओव्हनमध्ये 'सेल्फ क्लीन' आहे का?

हे मॅन्युअलमध्ये बघा, कारण नियम बदलतात. स्टीम क्लीन असेल तर तळाशी थोडं पाणी घालून तो ओव्हन वाफ करतो. थर मऊ होतो, पुसायचं आपल्यालाच असतं. कॅटॅलिटिक असेल तर आतल्या काही भिंती खरखरीत दिसतील. त्या तेल शोषून गरमीने जाळतात. त्यांना सोडा, साबण, घासणी काहीही लावायचं नाही, छिद्रं बुजतात. पायरोलिटिक असेल तर ओव्हन ५०० अंशांच्या आसपास जातो, दार आपोआप लॉक होतं आणि सगळ्याची राख होते. त्याआधी जाळ्या, ट्रे आणि सुटं तेल काढा, खिडक्या उघडा. घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत न्या. धूर त्यांना फार लवकर बाधतो, आणि आत नॉनस्टिकचं काही राहिलं तर त्याचा वायू पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा: पावसाळ्यानंतर मेन का पडतो

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या शेजारच्या काकूंनी नानकटाईसाठी ओव्हन लावला. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. दोन मिनिटांत अख्ख्या घराची वीज गेली. मेन वर केला, ओव्हन लावला, पुन्हा गेली. एक इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला, "काकू, तुमचा हा स्विच फार सेन्सिटिव्ह आहे. बायपास करून देतो, परत त्रास नाही." मी तिथेच होते. मी म्हटलं, काका, थांबा जरा.

तो स्विच म्हणजे आरसीसीबी. काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम किराणा दुकानाच्या वहीसारखं आहे: फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. हिशोब जुळला नाही म्हणजे उरलेला करंट भलतीकडून जातोय. अर्थिंगमधून, किंवा ओव्हनला हात लावून उभ्या असलेल्या माणसातून. घरातला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलीअँपिअर फरकाला पडतो. साधारण २९०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, त्यात हा ०.०३ अँपिअरचा फरक. एमसीबीला तो दिसतही नाही. पण माणसाचा जीव जायला एवढ्या पातळीचा करंट पुरू शकतो. बीटेकच्या पहिल्या वर्षाला हे सगळ्याच ब्रँचना शिकवतात, आणि मला वाटतं ते दहावीलाच शिकवायला हवं.

मग फरक आला कुठून? ओव्हनची कॉइल वरून साधी धातूची नळी दिसते. तिच्या आत तापणारी तार असते, आणि तार व नळीच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दाबून भरलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओलावा ओढून घेते. चार महिने पाऊस, हवा दमट, ओव्हन बंद. कॉइलच्या टोकांतून ओलावा आत शिरतो, पावडरची वीज अडवायची ताकद कमी होते आणि थोडा करंट नळीकडे, तिथून अर्थिंगकडे गळतो. आरसीसीबी पडतो. म्हणजे तो बिघडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतोय. आमच्या कामात एरर येतो म्हणून लॉग बंद करणाऱ्याला टीम सोडत नाही. इथे तर प्रश्न जिवाचा आहे.

अशा वेळी करायचं काय? आधी ओव्हनचा एमसीबी खाली ठेवून मेन वर करा. बाकी घर नीट चाललं तर संशय ओव्हनवर. मग तो पुन्हा पुन्हा लावून बघू नका. कंपनीचा किंवा जाणकार टेक्निशियन बोलवा आणि त्याला कॉइल मेगरवर तपासायला सांगा. नुसता ओलावा असेल तर कॉइल सुकवून रीडिंग सुधारतं. नाही सुधारलं तर नळीला तडा असू शकतो, मग कॉइल बदलायची. काकूंकडे दुसऱ्या टेक्निशियनने तपासलं, खालची कॉइल बदलली, आणि तेव्हापासून एकदाही मेन पडलेला नाही. आरसीसीबी जागेवर आहे.

"बायपास करतो" किंवा "अर्थिंगची वायर काढून टाकतो" असं कोणी म्हटलं, तर त्याला चहा पाजा आणि नमस्कार करा. काम करू देऊ नका.

आणि हे टाळायचं कसं? एकदम सोपं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा रिकामा ओव्हन १५० अंशांवर अर्धा तास चालवा. वरची आणि खालची दोन्ही कॉइल तापतील असा मोड घ्या. ओलावा निघून जातो. आणि हो, आधी दार उघडून कढया बाहेर काढा! प्लास्टिकच्या झाकणाचा डबा आत राहिला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

उरलेलं थोडक्यात

ओव्हन बंद केल्यावरही आतला पंखा चालू राहतो. तो फर्निचर आणि सर्किट थंड करत असतो, म्हणून लगेच एमसीबी बंद करू नका. कपाटाच्या मागे आणि खाली हवेसाठी ठेवलेली फट पिशव्या कोंबून बुजवू नका.

दरवाजाचं रबर ओल्या फडक्याने पुसा आणि कुठे सैल झालंय का बघा. नॉब हाताला चटका देण्याइतके तापत असतील तर बहुधा तिथूनच गरम हवा येतेय.

ओव्हनला स्वतःची १६ अँपिअरची लाइन आणि स्वतःचा एमसीबी हवा. एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नको. बल्ब बदलताना एमसीबी बंद, आणि नवा बल्ब ३०० अंश सोसणारा ओव्हनचाच घ्या.

आत काही पेटलंच तर दार उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. दार बंद ठेवा, एमसीबी पाडा, आणि आग आतल्या आत विझू द्या. पाणी टाकायचं नाही. आवरत नाही असं वाटलं तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

तर मंडळी, या रविवारी एवढं करा: मेन बोर्डापाशी जा, ओव्हनचा एमसीबी कोणता ते शोधा आणि आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण दाबा. तो पडला पाहिजे. नाही पडला, तर सोडा-व्हिनेगर राहू द्या बाजूला, आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!